उधारी बंद : पहिला सीझन

टेंपो आला तेव्हा आई तांदूळ निवडत होती.
मालिकेवाला पोरगा दारात चप्पल काढून म्हणाला,
"मावशी, आम्हाला खरं घर पाहिजे.
नवं सामान कॅमेऱ्यात खोटं दिसतंय."
जवाहरनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत
खरं म्हणावं असं बरंच निघालं :
सुतळीनं पाय बांधलेली कॉट, दार न लागणारं कपाट,
दहा मिनिटं पुढं पळणारं घड्याळ.
टीव्हीसुद्धा.
महिना साडेचार हजार.
फौंड्रीची दुसरी पाळी बंद झाल्यापासून
एवढे पैसे आबांनी एकदम बघितले नव्हते.
अर्ध्या अंगठ्यानं पेन धरून त्यांनी सही केली.

जाता जाता तो मांडणीपुढं थांबला.
पोचा आलेलं ताट उचलून उजेडात फिरवलं.
"हे तर पाहिजेच. असला पोचा करून मिळत नाही."
कुणी काही बोललं नाही.

सीझनभर आम्ही फरशीवर झोपलो.
भिंतीवर कपाटाएवढा जुना पिवळा रंग उघडा पडलेला.
रात्री साडेनऊला विनूचा मोबाइल
तांदळाच्या डब्याला टेकवून
आम्ही आमचं घर बघायला बसायचो.

शिरोलीच्या पुढं कुठल्याशा गोडाऊनात
आमच्यापेक्षा गोरी माणसं आमच्या कॉटवर भांडायची.
कोपऱ्यात आमचा टीव्ही, बंद.
बाप कामावरनं काढलेला, पोरगा उडाणटप्पू,
पोरगी नांदायला जाऊन परत आलेली.
"ही मीच की," वैजू म्हणाली, "फक्त साडीला इस्त्री."
"मी कुठं उडाणटप्पू? माझा गुडघा गेलाय,"
विनू म्हणाला, आणि सेमीफायनल, पेठेची टीम,
शेवटची चार मिनिटं
तीनशेव्यांदा सांगितली.
त्यांचं भांडण बावीस मिनिटांत मिटायचं.
थोरल्या काकांशी आमचं, एका सिलिंडरवरनं,
एकोणीस वर्षं चाललंय,
अजून मधे जाहिरात लागलेली नाही.

नवव्या भागात बापानं ताट भिरकावलं.
भाकरी उडाली, आमटी पडद्यावर,
आणि मागनं हशा.
शे-दोनशे माणसं, कुठं बसलीत दिसत नाही, पोट धरून.
कॅमेरा जवळ गेला.
पोच्याला अख्खी चौकट.
"माझ्या कानाजवळनं गेलं होतं," आई म्हणाली.
एवढंच. आबांकडं न बघता.
आबा बघत राहिले. पापणी हलली नाही,
भट्टीपुढं उभं राहून ती सवय लागते.
जाहिरात लागली, पंख्याची.
वैजू पाणी आणायला उठली ती पाणी न घेताच आली.

दुसऱ्या दिवशी आबांनी आपलं ताट आपण घासलं.
मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

दिवाळीनंतर सामान परत आलं.
कॉटचा पाय नीट बसवलाय, आता झोप येत नाही.
कपाटाचं दार लागतं, मग उघडत नाही.
ताटाला दोन पोचे.
"भाकरी नीट उडेना," पोरगा ओशाळून म्हणाला,
"सात वेळा फेकावं लागलं."
आबांनी लाकडी हातोडा काढला, ताट मांडीवर घेतलं.
"ऱ्हाऊ द्या."
"अगं, त्यांचा तरी काढतो."
"आपला कुठला ते मला कळतंय. दोन्ही ऱ्हाऊ द्यात."
हातोडा बराच वेळ हातातच होता.

घड्याळही त्यांनी गुपचूप दुरुस्त केलेलं.
उद्यमनगरात नव्या कामाच्या पहिल्याच दिवशी
दहा मिनिटं हातात आहेत म्हणून
आबा बशीतला चहा फुंकत बसले.
भोंगा झाला.
एक चप्पल घालून उठले, दुसरी वैजूच्या पायात.
आईच्या तोंडातनं काहीतरी निघालं,
खोकल्यासारखं, मधेच वळलेलं.
आम्ही सगळे होतो तिथंच थांबलो,
आणखी कुणी हसतंय का
ते ऐकत.